चार बोटं जागा

सुतार म्हणाला, ते गवंड्याचं काम. गवंडी म्हणाला, चौकट बसवतानाच सुतारानं बघायला पाहिजे होतं. आणि नव्या दाराची चौकट नि भिंत यांच्यामधली ती चार बोटं जागा आमच्या घराच्या बोळाकडच्या बाजूला सव्वा महिना उघडीच राहिली. आत डोकावलं की भिंतीचं पोट दिसायचं: पांढरी माती, भेंड्यांच्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांच्या, कडा, मध्येच एखादं खापर आणि मुंगळ्यांची वर्दळ. रात्री मी त्या फटीत आईचं जुनं लुगडं कोंबून ठेवायची. आई म्हणाली, "काढ ते. घरानं दाढेत कापूस धरल्यासारखं दिसतंय."

मुळात हे दार कशासाठी, ते आधी सांगायला हवं. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर ज्या जुन्या पेठा आहेत, त्यांतल्या एकीत आमचं घर. वाडा वगैरे म्हणण्याइतकं मोठं नाही. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर भेंड्याच्या दोन फुटी भिंती, बाहेरून चुन्याचा गिलावा, माथ्यावर मंगळुरी कौलं. आजोबांच्या माघारी पंचवीस वर्षं घर एकत्र राहिलं आणि बाबा गेल्यावर दोन वर्षांत वाटणी झाली. भांडण नाही झालं. झालं असतं तर बरं, असं आता वाटतं; निदान कोण काय बोललं ते लक्षात तरी राहिलं असतं. चिठ्ठ्या टाकल्या. ओटा, सोपा आणि रस्त्याकडचं दार काकांकडे गेलं. माजघर, स्वयंपाकघर, परस आणि परसातला आड आमच्याकडे आला. म्हणजे आम्हाला पाणी मिळालं आणि त्यांना वाट.

वर्षभर आम्ही काकांच्या सोप्यातूनच जात-येत होतो. कुणी काही म्हणत नव्हतं, तेच अवघड होतं. काकू टीव्ही बघत बसलेल्या असायच्या, मी भाजीची पिशवी पोटाशी धरून भिंतीच्या कडेकडेनं जायची. एकदा माझ्या लक्षात आलं की मी चपला हातात घेऊन चालले आहे. त्याच रात्री आईला म्हटलं, बोळात दार पाडायचं.

कागदपत्रांचं इथे काढत नाही. त्यात तीन महिने गेले एवढं पुरे.

बोळाकडच्या भिंतीत, म्हणजे पश्चिमेला, माजघराची एक खिडकी होती. तीन फूट रुंद, सागवानी, आतल्या गजांवर गंज. वरच्या तुळया जागच्या जागी ठेवून खिडकीखालची भिंत तेवढी काढली की दाराची वाट होते. सुतारानं दोन टेकू दिले आणि पोरं पहारी घेऊन लागली. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली एक भेग गिलाव्याखाली निघाली. बोटभर रुंद, चुना आणि दगडाच्या कपच्यांनी नीट भरलेली. ती बघताच मला आजी आठवली. तिच्या तोंडी या भेगेचं नाव होतं, 'कोयनेची भेग'. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजी चुलीशी बसली होती आणि फडताळातली पितळेची भांडी आपण होऊन वाजायला लागली, असं ती सांगायची. पाटण तालुक्यात गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. आमच्या घराला एवढी एक भेग पडली. ती कुणी भरली ते आजीनं सांगितलं नव्हतं. ज्यानं भरली, त्यानं पुन्हा हलली नाही अशी भरली होती.

भिंत पाडताना मी मात्र सारखी विचारत होते, "ही बाहेर तर नाही ना पडायची?" सुतार हसला. पण साताऱ्याच्या माणसानं ही शंका काढली तर त्यात हसण्यासारखं काही नाही. १७०० च्या एप्रिलात औरंगजेबाच्या फौजेनं वर किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग पेरले. पहिल्या धडाक्यात तटाचा भाग आत कोसळला, खुद्द किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसऱ्या वेळी तट बाहेर पडला, तो चढाईला तयार उभ्या राहिलेल्या मोगलांच्याच अंगावर. भिंत कुठल्या बाजूला जाईल ते तिला पाडणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही, हे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलोय.

आमची भिंत शहाण्यासारखी जागेवर राहिली.

चौकट मी जुन्या लाकडाच्या वखारीतून आणली. पेठांमधले वाडे एकामागून एक उतरवले जातात आणि त्यांची चौकटी-दारं वखारीत एकावर एक रचून पडलेली असतात, वरून ताडपत्री. ही सागवानी चौकट सहा फूट चार इंच उंच होती. गणेशपट्टीवरच्या गणपतीची सोंड पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदीकुंकवानं झिजून गुळगुळीत झालेली. कुठल्या घराची, विचारलं तर वखारवाल्यानं हात हलवला. आईनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा काही बोलली नाही. पदराच्या टोकानं सोंडेजवळची धूळ पुसली आणि आत गेली. तेवढ्यावरून मी समजले, चालेल.

सुतारानं काम चोख केलं, खोटं कशाला बोला. भिंतीकडे जाणाऱ्या अंगाला डांबर फासलं. वरची-खालची आडवी लाकडं दोन्हीकडे वीतभर भिंतीत घुसवून दगडांनी जखडली, कारण मातीच्या भिंतीत होल्डफास्टला, म्हणजे चौकट भिंतीत धरणाऱ्या लोखंडी पट्टीला, धरायला काही नसतं. ओळंबा लावून मला बोलावून दाखवलं: दोरी चौकटीला वरपासून खालपर्यंत एकसारखी समांतर. मग हिशेब घेतला आणि गेला. राहिली ती फट.

मे महिन्यात एका ठेकेदाराची दोन पोरं आली. पन्नास किलोची एक गोणी सिमेंट, पाच-सहा पाट्या क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, एकास चार. दुपारी दोनला कालवायला घेतलं आणि साडेचारला चौकटीभोवती हातभर रुंदीचा राखाडी पट्टा तयार. काय सुरेख दिसत होता तो! गुरमाळा फिरवून आरशासारखा केलेला, कडा सुरीनं कापल्यासारख्या. मी फोटो काढून बहिणीला पाठवला. मग आठ दिवस पाणी मारलं. आमच्याकडे कास तलावाचं पाणी येतं ते सकाळी मोजका वेळ. त्या वेळात पिण्याचं भरायचं, वापरायचं भरायचं आणि पाइप बोळात न्यायचा. आडाचं पाणी काढून मारू म्हटलं तर रहाट वाटणीच्या आधीपासून मोडलेला. पण मारलं. सिमेंटला पाण्याची तहान असते, तिथं कसूर केली नाही.

जूनमध्ये पट्ट्यावर केसाएवढ्या रेघा उमटल्या. जुलैत चौकटीच्या कडेनं सलग एक बारीक भेग गेली, नखाचं टोक जाईल एवढी. साताऱ्याचा पाऊस सरळ पडेल तर शपथ. यवतेश्वराच्या डोंगराच्या अंगानं वारा सुटला की आडवा येतो, आणि आडवा पाऊस ज्या भिंतीवर बसतो ती आमची हीच. जुनी माणसं पावसाळ्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीला उसाच्या पाचटाची झापं बांधत ती उगाच नव्हे. ऑगस्टात माजघराच्या आतल्या बाजूला, दाराच्या डाव्या हाताला, ओलीचा डाग दिसला. आधी ताटलीएवढा. मग पाटाएवढा.

आणि एका सकाळी मी दाराशी उभी असताना काका बोळातून आले. काका पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी रस्त्यानं चालताना त्यांची नजर माणसांवर नसते, बांधकामावर असते. ते थांबले. बोटाच्या मागच्या पेरानं पट्ट्यावर टकटक केलं. एकदा वर, एकदा मध्ये, एकदा खाली.

"बद्द वाजतंय," म्हणाले, आणि पुढे गेले.

वाटणीनंतर ते माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. काय उत्तर द्यायचं ते मला सुचेपर्यंत ते कोपऱ्यावर वळले होते. नंतर मी स्वतः वाजवून पाहिलं. जुन्या चुन्याच्या भागावर पेर मारलं की आवाज घट्ट येतो, भिंतीच्या आतून आल्यासारखा. नव्या पट्ट्यावर तो वरच्या वर यायचा, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात रात्री दोन वाजता बोळात धप्प झालं. मांजर असेल म्हणून आम्ही उठलो नाही. सकाळी पाहिलं तर डाव्या बाजूचा अख्खा पट्टा, चार फूट लांब, पापडासारखा एकसंध खाली. उलटा करून पाहिला तर पाठीला भिंतीची माती घट्ट चिकटलेली, जाड थरानं. सिमेंट सुटलं नव्हतंच. त्यानं आपल्याबरोबर भिंतच ओढून आणली होती.

नंतर मी यावर पुष्कळ वाचलं, विचारलं. गोष्ट साधी आहे. सिमेंटचा गिलावा वाळताना आकसतो आणि टणक होतो. खालची मातीची भिंत मऊ. टणक थर आकसताना मऊ भिंतीचा पापुद्रा ओढतो. त्यात बारीक भेगा पडतात, भेगांतून आडवा पाऊस आत शिरतो, आणि शिरलेलं पाणी सिमेंटमधून बाहेर उडू शकत नाही. माती फुगते, वाळते, परत फुगते. जुना चुन्याचा गिलावा पाणी पितो तसं सोडतोही. ऊन पडलं की दोन दिवसांत भिंत कोरडी. म्हणजे त्या पोरांचं कालवण चुकलं नव्हतं, हातही चांगला होता. आरसीसीच्या भिंतीवर तोच पट्टा वीस वर्षं राहिला असता. तरी पैसे परत मागायला मी गेलेच होते. मिळाले नाहीत, ते जाऊ दे.

मिस्त्री मिळाले ते माहुलीकडचे. पासष्टीचे असावेत. देवळांच्या दुरुस्तीत चुन्याचं काम केलेले. सप्टेंबरात येऊन बघून गेले, पडलेल्या जागेवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले, डॉक्टर पोटावर ठेवतात तसा.

"दसऱ्यानंतर येतो. आधी वाळू द्या तिला. वल्ल्या अंगावर कापडं घालत न्हाईत."

"तोवर फट उघडी ठेवायची?"

"लुगडं हाय की."

त्यांनी लुगडं पाहिलं होतं तर.

दसऱ्यानंतर आले ते कळीच्या चुन्याची दोन पोती घेऊनच. परसात पत्र्याचं पिंप अर्धं पाण्यानं भरलं आणि त्यात चुन्याचे खडे एकेक करून सोडले. आईला नि मला लांब उभं केलं; डोळ्यांत उडालं तर दृष्टी जाईल म्हणाले. पहिल्या मिनिटाला काही नाही. मग पिंपाच्या तळातून गुरगुर सुरू झाली, वाफा आल्या, आणि खाली जाळ नसताना पाणी खदखदा उकळायला लागलं. मी रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे समीकरण लिहिलेलं आहे, मार्कही मिळवलेले आहेत. पण चुना विरताना पहिल्यांदाच पाहत होते, पन्नासाव्या वर्षी, आपल्या परसात. आई म्हणाली, "वरणाला उकळी आली," आणि खरंच तसाच आवाज होता.

तीन आठवडे तो चुना पाण्याखाली ठेवला. झाकण उघडलं की वर नितळ निवळी, खाली पांढरं लोणी. हात न लावता काठीनं तपासायचा. काठीला चिकटून तार न तुटता उतरला की झाला. पूर्वी याच्यापुढे घाणीचं काम असे. गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, चाकाला बैल. किल्ल्यांवर हिंडणाऱ्यांनी तसली चाकं पडलेली पाहिली असतील. आमच्या घासभर कामाला घाणी कुठली! मिस्त्रींच्या बिगाऱ्यानं परसातली फुटकी कौलं गोळा केली आणि आईच्या उखळात कांडून सुरखी केली. ते उखळ आईनं चटणीसाठीही वीस वर्षांत बाहेर काढलं नव्हतं. ती दारात उभी राहून मुसळ कसं धरावं ते त्या पोराला सांगत होती आणि पोरगं "व्हय आजी, व्हय आजी" करत आपल्या पद्धतीनंच कांडत होतं. नदीच्या वाळूचा मिस्त्रींचा हट्ट होता. मिळेना. शेवटी क्रश सँड चार पाण्यांनी धुतली, गढूळपणा जाईपर्यंत, आणि मिस्त्रींनी मूठभर कानाशी नेऊन चोळली. कुरकुर वाजली म्हणजे स्वच्छ. चुना एक, वाळू दोन, सुरखी एक. त्यात पोत्याची सुतळी बोटबोटभर कापून, पिंजून.

"गूळ नाही घालायचा?" मी विचारलं. गूळ, बेलफळ, हिरडा घालायचे हे मी वाचून ठेवलं होतं.

"गुळाचा भाव बघितलाव का, ताई?"

तरी दुसऱ्या दिवशी माझ्या समाधानासाठी त्यांनी लोटाभर गुळाचं पाणी घातलं. मुंगळे मात्र लगेच आले.

काम सुरू झालं ते गिलाव्यानं नाहीच. आदल्या दिवशी त्यांनी राहिलेलं सगळं सिमेंट छिन्नीनं काढलं, सुटी माती ब्रशनं झाडली, खोल गेलेल्या जागी कौलाचे नि दगडाचे तुकडे चुन्यात बसवले. कोयनेच्या भेगेपाशी थांबले. तिला हात लावला नाही. संध्याकाळी कुंचल्यानं भिंतीवर पाणी शिंपडलं, ओतलं नाही. मातीला भिजवायचं नसतं, नुसतं सांगायचं असतं की उद्या येतोय. हे शेवटचं वाक्य माझं. ते एवढंच म्हणाले, "शिपका मारा. आंघोळ नगं."

सकाळी पहिला थर. करणीवर गोळा घ्यायचा आणि मनगटाच्या झटक्यानं भिंतीवर फेकायचा. लावायचा नाही, फेकायचा. गोळा बसतो तेव्हा चप्प असा आवाज येतो आणि कडेनं चार थेंब उडतात. त्यांचा एकही गोळा खाली पडला नाही. बिगाऱ्याचे निम्मे पडले, तेव्हा ते घमेल्याकडे पाहतच म्हणाले, "भितीला घाबरू नगंस." भिंतीला भीत म्हणणारी माणसं आमच्या बाजूला अजून आहेत. आठ दिवसांनी दुसरा थर. चुना वाळताना आकसतोच, म्हणून त्याला तसाच सोडत नाहीत. दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या सकाळी लाकडी थापीनं हलक्या हातानं ठोकत राहायचं. भेग दिसली की तिच्यावर थापी. बोळातून जाणारी शाळेची पोरं त्या तालावर पाय टाकत जायची.

ओळंब्यापाशी आम्ही अडलो. चौकट सरळ उभी होती, भिंत नव्हती. साडेसहा फुटांत सव्वा इंच बाहेर झुकलेली, सत्तावन्न वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेपासून किंवा त्याच्याही आधीपासून. गिलावा चौकटीच्या ओळीत घेतला तर वर पातळ नि खाली जाड होणार. भिंतीच्या ओळीत घेतला तर चौकट खालच्या अंगाला भिंतीपुढे आल्यासारखी दिसणार. मिस्त्री दोन विड्या संपेपर्यंत समोरच्या पायरीवर बसून राहिले. मग उठून त्यांनी गिलावा सपाट करायचा पाटा नुसता बाजूला ठेवला आणि डोळ्यांनी काम केलं. चौकटीजवळ चौकटीसारखं, हातभर लांब गेल्यावर भिंतीसारखं, आणि मधल्या जागेत उतार असा की शोधायला गेलं तरी सापडू नये. भिंत ऐकणार नाही, दार ऐकणार नाही, तर समजूतदारपणा गिलाव्यानं दाखवायचा. उंबऱ्याच्या दगडाला बाहेरच्या बाजूला पाव इंच उतार दिला. पाण्याचा तांब्या ओतून दाखवला, पाणी बोळात गेलं.

सगळं संपलं असं वाटलं तेव्हा त्यांनी पिशवीतून करवतीचं जुनं पातं काढलं आणि ओल्या गिलाव्यात, चौकटीला लागून, वरून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली. मग दुसऱ्या बाजूला. मग वर. पाव इंचाची फट, चौकटीभोवती तिन्ही बाजूंनी.

मी जवळजवळ ओरडलेच. "अहो, सहा महिने मी ती फट बुजवायच्या मागे आहे!"

"ही फट नव्हं, ताई. खाच हाय. फट आपसूक पडती, खाच आपण ठिवतो."

मग पातं धोतराला पुसत त्यांनी बाकीचं सांगितलं. सागवान झालं म्हणून काय, लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. गिलावा जागचा हलत नाही. दोघांना चिकटवून टाकलं तर कधीतरी सुटणारच, आणि सुटतील ते वेडेवाकडे, निम्मा गिलावा घेऊन. त्यापेक्षा आधीच सरळ रेघ ठेवायची आणि तिच्यात काहीतरी मऊ भरायचं. महिन्याभरानं येऊन त्यांनी खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लांबी, म्हणजे फट भरायचा मऊ लगदा, केली, कणकेसारखी, आणि बोटानं खाचेत भरली. आजही नख लावलं तर किंचित दबते. जवसाच्या तेलाचा वास मात्र आठवडाभर माजघरात होता. आई म्हणाली, जेवणाला चटणी केल्यासारखं वाटतंय आणि ताटात तर काही नाही.

चुन्याचं वाळणं हेही एक निराळंच प्रकरण. सिमेंट पाण्यानं घट्ट होतं, चुना हवेनं. चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो. विरून, कालवून भिंतीवर लावला की तोच वायू तो हवेतून परत घेत राहतो आणि पुन्हा दगड होतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारून ती दुधासारखी केली होती ना, तेच, फक्त महिनोन्‌महिने. मिस्त्रींनी ओली पोती अडकवून ठेवायला सांगितली, दिवसातून दोनदा शिपका. मला पोत्यांआड उभं राहून भिंतीवर श्वास सोडायचा मोह व्हायचा. एकदोनदा सोडलाही.

रंगाचं थोडक्यात सांगते, कारण तो जमला नाही. जुनी भिंत पिवडीची, म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगाची, पावसा-उन्हानं साईसारखी झालेली. नव्या भागावर चुन्यात पिवडी घालून तीन हात मारले. ओलं असताना हुबेहूब. वाळल्यावर लिंबाच्या सालीसारखं. लांबून पाहिलं तर दाराभोवती कुणीतरी मफलर गुंडाळल्यासारखं दिसतं. मिस्त्री म्हणाले, दोन पावसाळे जाऊ द्या. एक गेलाय.

तो पावसाळा मी मोजून काढला. दर आडव्या सरीनंतर माजघरातल्या भिंतीला हात लावायची. ओल आली नाही असं नाही. यायची, आणि उघडीप मिळाली की जायची. आईला दाराची सवय झाली. पूर्वी ती रस्त्यावरचं सगळं ऐकून आम्हाला सांगायची, आता बोळातलं सांगते: कुणाची गाडी, कुणाचं कुत्रं, कोण कुणाशी बोलत थांबलं. काकूंनी संक्रांतीला तिळगूळ पाठवला तो त्यांच्या नातवाबरोबर, याच दारानं. पोरगं उंबऱ्यावर उभं राहून गणेशपट्टीकडे बघत म्हणालं, "याला नाक नाही." आईनं त्याला आत बोलावून दोन लाडू दिले.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, आई पडली होती. बाहेर टकटक झाली. दारावरची नव्हे, दारावरची टकटक लाकडाची असते. ही भिंतीतून आली. आईनं पडल्या पडल्या "कोण?" विचारलं, उत्तर नाही. पुन्हा टकटक, जरा वर. मग आणखी वर. मी दार उघडलं. काका होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उजव्या बाजूनं वरपासून खालपर्यंत, दर वीतभर जागेवर, पेर मारून कान देत होते. गणेशपट्टीच्या वर हात पुरेना, तेव्हा छत्रीच्या दांड्यानं. खाच दिसल्यावर तिच्यात नख घालून पाहिलं आणि "हं" म्हणाले. मग डावी बाजू. जिथून सिमेंट पडलं होतं तिथं दोनदा वाजवलं. आवाज घट्ट, भिंतीच्या आतून आलेला.

उंबऱ्याच्या अगदी जवळ, डाव्या कोपऱ्यात, ते गुडघे धरून वाकले. तिथं पेर मारलं. थांबले. परत मारलं. मलाही ऐकू आलं. रुपयाएवढ्या जागेत किंचित बद्द.

खिशातून पेन्सिल काढली. ती त्यांच्या खिशात निवृत्तीनंतरही असते हे मला ठाऊक होतं. तेवढ्या जागेभोवती एक गोल काढला, खाली बारीक अक्षरात तारीख घातली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चहा टाकू का?" मी विचारलं.

"आत्ता नको," म्हणाले. "हे बघून घे."

मिस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, रुपयाएवढं असेल तर असू द्या, वाढलं तर सांगा. वाढलेलं नाही. सारवताना, उंबऱ्यावर रांगोळी काढताना आईचा हात तिथवर जातो, पण ती तो गोल पुसत नाही.